चहा आला की चाय आई?

आंधळगावहून आम्ही बोलतो आहोत. आम्ही म्हणजे गावातल्या बचत गटांतल्या काही जणी. कुणी घरी माग चालवतो, कुणी बांधीत रोवणीला जातो, कुणी गटाची वही लिहितो. आज भांडणाचा विषय घेतला आहे. घाबरू नका, हे भांडण गोड आहे. ते भाऊबंदकीचं नाही, धुऱ्याचंही नाही. ते आहे बोलण्याचं. तुझी भाषा वाकडी की माझी, यावरचं.

आपल्या भागात हे भांडण घरोघरी असतं. आमचं गाव मोहाडी तालुक्यात. इथं कोशाचं कापड विणतात, तेव्हा घरात कोष्ट्यांची बोली. शेतात झाडीबोली. तुमसरकडे गेलं की पोवारी कानावर येते. पुढं बालाघाट लागलं की हिंदी. पूर्वेकडून छत्तीसगडी येते, दक्षिणेला गडचिरोलीकडे गोंडी, आणि सिरोंच्याला पोचलं की तेलुगू. शिवाय १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातच होता आणि बालाघाट हा शेजारचा जिल्हा होता. मग राज्यं वेगळी झाली, पण सोयरिकी थांबल्या नाहीत. लेकी तिकडे जातात, सुना इकडे येतात. येताना भांड्याकुंड्यांबरोबर आपलं व्याकरणही आणतात.

म्हणून गटाची बैठक असो की रोवणीची रांग, कुणीतरी कुणाच्या बोलण्यावर हसतंच. बालाघाटची सून म्हणते, "चाय आई." इकडच्या बाया म्हणतात, "अवो, चहा आला म्हण. चहा काय बाई आहे?" ती म्हणते, "और तुम्हारा चहा क्या आदमी है?" यावर उत्तर द्या बरं! चहाला ना मिशी ना कुंकू. तो मराठीत पुरुष झाला आणि हिंदीत बाई. आवाज मराठीत येतो, हिंदीत येते. पुस्तक आपल्याकडे ते, त्यांच्याकडे ती. आत्मासुद्धा तसाच. मराठीत तो आत्मा, हिंदीत ती. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की आत्म्यालाही पदर घ्यावा लागतो.

हिंदीवाल्या बायांची मोठी तक्रार अशी, की आमच्याकडे दोनच, तो आणि ती. तुम्ही हे तिसरं 'ते' कुठून काढलं? त्यांचं दुःख खरं आहे. आमच्या गावात कापडाचंच उदाहरण घ्या. नेसायची वस्तू एकच. पण साडी असली तर ती साडी, शालू असला तर तो शालू, लुगडं असलं तर ते लुगडं. साडी नेसली, शालू नेसला, लुगडं नेसलं. नेसणारी बाई तीच, नेसण्याची रीत तीच, आणि शब्द तीन तऱ्हेनं फिरतो. नव्यानं मराठी शिकणारीनं हे पाठ करायचं तरी कसं? कापड हातात घेऊन बघितलं तरी त्यावर कुठं लिहिलेलं नसतं.

अनेकवचनाचंही तसंच. एक जाऊ, दोन जावा. एक सासू, दोन सासवा. एक सून, दोन सुना. एक भाऊ, दोन भाऊ. छत्तीसगडी बोलणारी बाई यावर पोट धरून हसते. तिच्याकडे पुढं 'मन' जोडलं की झालं. एक लइका, पुष्कळ लइका मन. आणि क्रियापदाला तर तिची भाषा बाई-पुरुष विचारतच नाही. टूरा आथे, टूरी आथे. मुलगा येतो, मुलगी येते, दोघांना एकच 'आथे'. ती म्हणते, येणारं माणूस दारात दिसतंच आहे, मग शब्दाला वेगळी शेपटी कशाला?

आता थोडं गंभीर होऊ. ही लिंगं ठरवताना भाषांनी बायांना कुठं बसवलं, ते बघण्यासारखं आहे. मराठीत बायको ती, पण तिलाच 'आमचं कुटुंब' म्हटलं की ती 'ते' होते. संस्कृतात तर बायकोला तीन शब्द आणि तिन्हींची लिंगं वेगळी. भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी, आणि दार हा शब्द पुल्लिंगी, तोही नेहमी अनेकवचनात. जर्मन भाषेत मुलीला मेड्शेन म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. आपण हसण्याआधी आपलं लेकरू, मूल आणि पोरगं आठवावं. तीही सगळी 'ते'च.

गोंडीत मांडणी निराळी आहे. तिथं एका बाजूला माणसांतले पुरुष आणि देव. दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं. म्हणजे बाई, गाय, झाड, पाऊस आणि वाघसुद्धा. कुणी म्हणेल, काय हा अन्याय! पण याकडे दुसऱ्या बाजूनंही पाहता येतं. जंगल, पाऊस, वाघ सगळे बायांच्या बाजूनं, मग बिचारा पुरुष किती एकटा पडला!

तेलुगूचा नियम आम्हाला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो. तेलुगूत पुरुष आला तर 'वच्चाडु' म्हणतात. बाई आली तर 'वच्चिंदि'. आणि म्हैस आली तरी 'वच्चिंदि'च. म्हणजे एकट्या बाईचं क्रियापद आणि म्हशीचं क्रियापद एकच. मान द्यायचा असेल तर वेगळं रूप वापरतात, पण साधा नियम हा. आता गंमत ऐका. दोन बाया आल्या, तर काय म्हणतात? 'वच्चारु'. हे रूप पुरुषांच्या अनेकवचनाचं आहे, माणसांचं आहे. म्हशी मात्र कितीही आल्या तरी त्यांना वेगळं, 'वच्चायि'. म्हणजे बाई एकटी असली की वस्तूंच्या आणि जनावरांच्या रांगेत, आणि दोघी जमल्या की माणसांच्या रांगेत. हा नियम कुणी मुद्दाम केला नाही, भाषेत तो होत गेला. पण गटातल्या बायांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बँकेच्या दारात एकटी गेलेली आणि दहा जणींनी मिळून गेलेली, यांतला फरक आपण पाहिलेला आहे.

आता आपल्या स्वतःच्या बोलीकडे येऊ. कारण दुसऱ्यांवर हसणं सोपं, पण आपल्यावरही लोक हसतात. विदर्भातली बाई म्हणते, "मी जातो. मी करतो. मी येतो नं बाई." आम्हीही सुरुवातीला म्हटलं, कुणी माग चालवतो, कुणी वही लिहितो. पुण्या-मुंबईकडचे लोक ऐकून हसतात. म्हणतात, तुमच्याकडच्या बाया पुरुषांसारख्या बोलतात. आमच्यातल्या एकीची मुलगी शिकायला शहरात गेली. तिथं तिच्या 'मी जातो'ची इतकी थट्टा झाली, की पहिले काही महिने ती वर्गात बोललीच नाही. हुशार मुलगी, उत्तर येत असूनही हात वर करेना. एका 'तो'नं तिचं तोंड बंद केलं.

म्हणून या 'मी जातो'ची बाजू आम्ही आज मांडणार आहोत. पहिली गोष्ट, समोर उभं राहून 'मी' म्हणणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष, हे ऐकणाऱ्याला दिसतंच. म्हणून जगातल्या पुष्कळ भाषा 'मी'च्या क्रियापदाला लिंग लावत नाहीत. इंग्रजीत नाही, बंगालीत नाही, तेलुगूत नाही. छत्तीसगडीतही नाही. दुसरी गोष्ट, खुद्द पुण्याची बाईसुद्धा उद्याचं बोलताना काय म्हणते? "मी जाईन." तिचा नवराही म्हणतो, "मी जाईन." तिथं कुणी हसत नाही. म्हणजे उद्या जाताना बाई-पुरुष सारखे चालतात, फक्त आज जातानाच वेगळे हवेत. हिंदीत मात्र उद्यालाही भेद आहे. तो जाऊंगा म्हणतो, ती जाऊंगी. आता सांगा, विदर्भाच्या बाईनं वेगळं काय केलं? 'जाईन'चा नियम तिनं 'जातो'लाही लावला, एवढंच. हा पुरुषीपणा नव्हे, तो तिच्या बोलीचा नियम आहे. नियम असलेलं बोलणं अशुद्ध कसं म्हणायचं?

दुसरा टोमणा 'न' आणि 'ण'चा. आपण पानी म्हणतो, लोनी म्हणतो. डोळ्याला डोरा म्हणतो. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश केला आणि तिचे नियम लिहून ठेवले. ण आणि ळ हे आवाज आपल्या बोलीत नाहीत, हे त्यांनीच नोंदवलं. बोली म्हणजे बिघडलेली मराठी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक गोष्ट आठवावी. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ मानतात ते लीळाचरित्र तेराव्या शतकात विदर्भातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. चक्रधरस्वामींच्या शिष्यांमध्ये नीळभट्ट भांडारेकार होते, ते आपल्या भंडाऱ्याचे. छापील पुस्तकांची मराठी पुढं पुणे-मुंबईच्या वळणावर बसली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण निघालं. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आपल्याकडच्या बाया मराठी बोलत होत्या आणि त्यांचं कुठं अडत नव्हतं.

शाळेत आणि अर्जात प्रमाण मराठी लागते. ती मुलींनी जरूर शिकावी, चांगली शिकावी. पण घरची बोली टाकून नव्हे. लग्नाला शालू नेसला म्हणून रोजची साडी कुणी जाळत नाही.

आता हिशेबाची फेरी. गटात खरा घोळ इथं होतो. मराठीत ६९ म्हणजे एकोणसत्तर. हिंदीत उनहत्तर. मराठीत ७९ एकोणऐंशी, हिंदीत उन्यासी. मराठीत ८९ एकोणनव्वद. पण हिंदीत तो 'उन' एकदम गायब होतो आणि नवासी येतं. बालाघाटच्या सुनेनं 'उन्यासी' म्हटलं आणि वही लिहिणारीनं एकोणसत्तर मांडले, की दहा रुपयांचा फरक पडला. मग संध्याकाळभर शोधत बसा. यावर हिंदीवाली म्हणते तुमचे आकडे कठीण, मराठीवाली म्हणते तुमचे. तेलुगूवाली दोघींना हसते. तिच्याकडे आधी वीस, मग एक. 'इरवै ओकटि', म्हणजे वीस एक. जसं लिहितात तसं बोलतात. आपण लिहिताना आधी दोनचा अंक काढतो आणि बोलताना आधी एक म्हणतो, एकवीस.

२०१९ साली हाच वाद महाराष्ट्रभर गाजला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असं वाचायची रीत दिली होती. लेकरांना जोडाक्षरं जड जातात, लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा पडतो, म्हणून ही सोय, असं गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितलं होतं. तरी केवढा गहजब झाला! पुष्कळांना वाटलं, मराठीच बुडाली. फ्रेंच लोकांचं ऐकलं तर आपले आकडे बरे म्हणायचे. ते ऐंशीला 'चार विसा' म्हणतात आणि नव्वदीला 'चार विसा दहा'. आपल्याकडच्या म्हाताऱ्या कोडीनं मोजतात, चार कोड्या आणि वर दहा. म्हणजे त्या म्हाताऱ्यांना फ्रेंच लोकांचा हिशेब लगेच समजला असता. आमचा सल्ला एवढाच. आकडा बोलला की लगेच अंकात लिहा, आणि लिहिलेला अंक बोलणारीला दाखवा. ७९ चा अंक सगळ्या भाषांत ७९च असतो.

शेवटची फेरी आमची सगळ्यांत आवडती. मराठीचा हुकमाचा पत्ता. आम्ही आणि आपण. पाहुणी दारात उभी आहे. घरधनीण म्हणाली, "आम्ही जेवायला बसतो." पाहुणी काय समजेल? निघायला हवं. आणि घरधनीण म्हणाली, "आपण जेवायला बसू." पाहुणी पाय धुवायला जाईल. एका शब्दात ताट वाढलं जातं किंवा उचललं जातं. हिंदीच्या पुस्तकात दोन्हीला 'हम'. इंग्रजीत दोन्हीला 'वुई'. पाहुणीनं समजायचं काय?

मराठीवाल्या बाया इथं जिंकल्या असं समजून टाळ्या वाजवतात. पण थांबा. बालाघाटची सून म्हणते, "हमारे यहाँ भी 'अपन' है. अपन चलते हैं, मतलब तुम भी." आणि ते खरं आहे. मध्य प्रदेशात बोलताना 'अपन' सर्रास ऐकू येतं. गुजरातीत अमे आणि आपणे. तेलुगूवाली म्हणते, आमच्यात तर केव्हापासून आहे, मेमु म्हणजे आम्ही, मनं म्हणजे आपण. तमिळमध्येही तसाच भेद आहे. भाषांचे अनेक अभ्यासक मानतात, की मराठीत हा भेद पक्का झाला तो दक्षिणेच्या भाषांच्या शेजारामुळेच. म्हणजे आपण ज्याचा तोरा मिरवतो, ते शेजारणीकडून आलेलं विरजण आहे. दही आपल्या घरी लागलं, चवही आपली झाली, पण विरजण तिचं.

आणि हिंदीवाली एवढ्यावर थांबत नाही. ती विचारते, "तुमचा हा 'आपण' म्हणजे नेमका कोण?" आपण जाऊ, म्हणजे तू आणि मी. आपण बसावं, म्हणजे समोरचे मोठे साहेब. आपण बरं आपलं काम बरं, म्हणजे मी एकटीच. एका शब्दाला तीन घरं. हे तिचं बरोबर आहे. इथं आम्ही गप्प बसतो आणि चहा मागवतो. तो येवो की येऊ दे, चहा मिळाल्याशी काम.

पण बहिणींनो, 'आम्ही' आणि 'आपण' हा गटात नुसता थट्टेचा विषय नाही. बैठकीत कान देऊन ऐका. कर्ज कुणाला द्यायचं हे सांगताना पदाधिकारी म्हणाल्या, "आम्ही ठरवलं आहे." आणि हप्ता थकल्यावर म्हणाल्या, "आपण सगळ्यांनी भरायचं आहे." ठरवताना आम्ही आणि भरताना आपण! असा गट फार दिवस टिकत नाही. ठरवतानाही आपण असेल, तरच भरतानाही आपण होतं. ठरावाच्या वहीत सही करण्याआधी विचारा, यातला 'आम्ही' कोण? मी त्यात आहे का? मला विचारलं होतं का?

दुसऱ्या सुनांचाही विचार करा. परक्या भाषेतून आलेली सून बैठकीत गप्प असते. आपण म्हणतो, ती शांत स्वभावाची आहे. तिच्या माहेरी जाऊन विचारा, तिथं तिचं तोंड बंद होत नाही! इथं तिला एकच धास्ती असते, की 'चाय आई' म्हटलं की हसतील. मग ती कर्ज मागत नाही, हिशेब विचारत नाही, सही मात्र करते. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. यातलं एकही सूत्र गप्प बसलेल्या बाईच्या हातून नीट पाळलं जात नाही. जी गटात बोलत नाही ती महिला ग्रामसभेत बोलत नाही, आणि पाण्याच्या नळाचा प्रश्न तिच्या घरासमोर तसाच राहतो.

मग हसायचंच नाही का? हसायचं तर! हसल्याशिवाय बैठक कशी रंगेल? पण आम्ही त्याला एक नियम घातला आहे. जिच्या बोलण्यावर हसलो, तिला लगेच आपल्या बोलण्यावर हसायची पाळी द्यायची. 'चाय आई'ला हसलात, तर साडी, शालू आणि लुगडं यांचा हिशेब तिला द्या. आणि आधी तिचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं. कर्ज मागत असेल तर आधी कर्जाचं बोला, व्याकरण मग. दर बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं एकीनं आपल्या माहेरच्या बोलीतली एक खोड सांगायची. एक पोवारीतली, एक गोंडीतली, एक हिंदीतली. तुमच्या गटात करून बघा. सासूला सुनेच्या भाषेतलं काही शिकायला लागलं, की घरातही फरक पडतो.

हे बोलणं संपवताना आता आम्ही 'आम्ही' म्हणणं सोडतो. पुढच्या बैठकीपासून हा खेळ आपण खेळू. हसू, भांडू, चहा घेऊ. बालाघाटची सून चाय घेईल. वहीत त्याचे पैसे मात्र अंकात लिहू.